तळ्याला झाकण नसतं

आमच्याकडे पाहुणा आला की तो दारातच थांबतो, एक लांब श्वास घेतो आणि "वा" म्हणतो. हे कौतुक घराचं नसतं, माझं तर नाहीच नाही. ते माझ्या बायकोच्या तेलांचं असतं. मागच्या खोलीत तिची भट्टी आहे. भट्टी म्हणजे एक तांब्याचं झाकणबंद भांडं. त्यातून निघालेली नळी थंड पाण्याच्या बादलीत वेटोळी घेऊन बाहेर येते आणि तिच्या तोंडाशी काचेची बरणी ठेवलेली असते. भांड्यात गवती चहा, निलगिरीची पानं नाहीतर लवंगा उकळतात, वाफ नळीतून गार होत येते आणि बरणीतल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर साचतो. तो थर बघताना बायकोच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो लग्नात माझ्याकडे बघतानाही दिसला नव्हता. अर्थात त्या वेळी मी खाली बघत होतो, त्यामुळे खात्रीनं सांगता येणार नाही.

खात्रीनं सांगणं हा एकंदरीत माझा प्रांतच नाही. मी ग्रंथालयात नोकरी केली. आलेल्या पुस्तकाचा विषय ठरवायचा आणि त्याला क्रमांक द्यायचा, एवढंच काम. व्हायोलिन कसं बनवावं याबद्दलचं एक पुस्तक सुतारकामात घालावं की संगीतात, हे ठरेना म्हणून ते मी निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावरच होतं. घरीही तेच. चहा हवा का, असं विचारलं तर मी "बघू" म्हणतो. बायको इतकी वर्षं हे उत्तर ऐकत आली आहे. ती चहा करून टाकते आणि मी तो पितो.

ती स्वतः मात्र सरळ रेषेतली बाई. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्या विकल्या. नोकरी संपली त्याच संध्याकाळी तिनं जाहीर केलं की आता बाटली आपली. पुष्कळ खटपटींनंतर तिनं गवती चहा, निलगिरी आणि किंचित लवंग मिसळून डासांसाठी एक तेल तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'चालते व्हा'. मी भीत भीत सुचवलं की नाव जरा सौम्य असावं. ती म्हणाली, डासांशी सौम्य बोलून काय मिळालं आजवर?

आमच्या घराजवळ एक बाग आहे. बागेच्या मधोमध तळं, काठावर बाकं. संध्याकाळ झाली की तळ्यातले डास बाकांवरच्या माणसांना उठवून लावतात. बागेच्या माळ्यानं एकदा आमच्या हिची बाटली नेली, थेंबभर मानेला लावली आणि डास आपल्याला सोडून शेजारच्या माणसाकडे गेल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं ते बागेच्या समितीच्या कानावर घातलं. समितीनं ठरवलं की हे तेल दर आठवड्याला तळ्यातच घालावं, म्हणजे डासांची पिल्लंच मरतील, आणि तळ्याकाठी तेलाच्या नावाची एक पाटीही लावावी. अट एकच, तळ्यातल्या बाकी जिवांना याचा त्रास नाही असं कुणा जाणकाराचं मत हवं.

पाटी लागणार हे ऐकून बायको दोन दिवस फार कमी बोलली. आमच्याकडे ही आनंदाची खूण आहे. मग तिनं भट्टीत दुप्पट गवती चहा चढवला आणि म्हणाली, जाणकार शोधायला कुठं जायला नको, आपल्या घरातच आहे.

घरातली जाणकार म्हणजे आमची सून. मुलगा कामासाठी परगावी असतो, सून आमच्याजवळ राहते आणि इथल्या एका प्रयोगशाळेत जाते. तिचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो, चूक माझी समजावी. वनस्पतींची सुगंधी तेलं गोड्या पाण्यातल्या शेवाळाला किती मारक ठरतील, याचा अंदाज ती संगणकावर बांधते, तेल पाण्यात घालायच्या आधीच. प्रत्येक तेल म्हणजे एकत्र कुटुंब असतं. एखादा घटक भारदस्त, एखादा नुसता वासापुरता, एखादा अगदी थोडा पण सगळ्यांना पुरून उरणारा. त्यातला कोण पाण्यात राहतो आणि कोण चरबीत जास्त रमतो, ते बघायचं. चरबीत रमणारा घटक शेवाळाच्या कातडीतून सरळ आत घुसतो आणि तिथं गोंधळ घालतो. शेवाळाचं एवढं कौतुक कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बाबा, शेवाळ म्हणजे तळ्याचं स्वयंपाकघर. ते बंद पडलं की वरचे सगळे उपाशी."

सासूबाईंच्या तेलाचे घटक तिनं आधी प्रयोगशाळेत तपासून घेतले, मग संगणकाला दिले. आलेला अंदाज तिनं प्रथम मला सांगितला, तोही बाल्कनीत नेऊन, दार लावून. अंदाज वाईट होता. बागेच्या समितीनं ठरवलेल्या मापानं तेल घातलं, तर तळ्यातल्या शेवाळाचं कंबरडं मोडणार होतं. आईंना तुम्ही सांगा, असं तिचं म्हणणं पडलं, कारण तुम्ही हळू सांगता.

मी इतकं हळू सांगितलं की त्याचा अर्थच निघाला नाही. शेवटी मी म्हणालो, "अगं, संगणकाला जरा शंका आहे."

"म्हणजे तुमच्यासारखाच निघाला," ती म्हणाली आणि गवती चहा कापत राहिली.

सुनेनं मग स्वतःच सगळं नीट सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. संगणकानं तेलाचा वास घेतलाय का? नाही ना. मग जे नाक खुपसून बघितलंच नाही, त्याबद्दल मत कशाला द्यायचं? दुसऱ्या दिवशी तिनं माळ्याकडून तळ्याचं हिरवं पाणी बादलीभर आणवलं, माझ्या पुस्तकांच्या कपाटावर काचेचे वाडगे मांडले आणि पाणी वाटून घातलं. निम्म्या वाडग्यांत समितीच्या मापानं तेल घालून चांगलं ढवळलं, निम्मे तसेच ठेवले. एक आठवडा कुणी हात लावायचा नाही, असं सांगून ती निघून गेली. तिथून एकही पुस्तक काढायचं नाही, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

तो आठवडा घरात वासाचा नुसता दरवळ होता. शेजारीण साखर मागायला आली आणि अर्धा तास बसली. कुरिअरवाल्यानं तेल कुठं मिळतं ते विचारलं. माझे डोळे चुरचुरत होते, पण ते वयानंही होतं. आठवडा संपला तेव्हा सगळेच वाडगे सारखे हिरवेगार होते. बायकोनं ते जेवणाच्या टेबलावर ओळीनं ठेवले आणि सून कामावरून येण्याची वाट बघत बसली. पाठीत ताठ, हातात विणकाम, पण टाका एकही पडत नव्हता.

सून आली. दारातच थांबून तिनं लांब श्वास घेतला. "वा" मात्र म्हणाली नाही.

"आई, तेल पाण्यात राहिलंच नाही. आठवडाभर ते आपल्या नाकात होतं."

हे तेल उडून जातं, असं तिचं म्हणणं. वाडगा उघडा, तर तेल घरभर. जो वास शेजारणीनं फुकट घेतला तोच शेवाळानं घ्यायला हवा होता. सुनेचं बोलणं मला पटलं. पण वाडग्यांकडे बघितलं की बायकोचंही पटत होतं. मी चष्मा काढून पुसत राहिलो. दोन्ही बाजू पटल्या की मी तेच करतो.

मग सुनेनं प्रयोगशाळेत तोच प्रयोग घट्ट बुचाच्या बाटल्यांत केला. तळ्याचं तेच पाणी आणि तेच तेल, फक्त उडून जायला वाट नाही. पुढच्या आठवड्यात त्या बाटल्या टेबलावर आल्या. बिनतेलाच्या हिरव्या. तेलाच्या मात्र पांढुरक्या, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारख्या. मला वाईट वाटलं, कुणासाठी ते नक्की सांगता येईना.

बायकोनं एक बाटली उचलून उजेडात धरली, बूच फिरवून बघितलं आणि परत ठेवली.

"मला एवढंच सांग, तळ्याला झाकण असतं का?"

सुनेनं बाटलीकडे बघितलं, मग सासूकडे. तिच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, आणि हे उत्तर तर कुणालाही माहीत होतं. ती खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली. मान्य करावं लागलं तिला. उघड्या वाडग्यात तेल फार लवकर पळालं असेल, बंद बाटलीत ते कोंडून राहिलं आणि तळ्याचं खरं काय ते या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. मुलाला फोनवर हे सगळं कळलं, तेव्हा त्यानं परगावीच बरं आहे असं कळवलं.

उपाय सुनेनंच काढला. एक पसरट, उघडं घंगाळ तळ्यासारखं भरायचं, दुसरं तसंच बिनतेलाचं, आणि दोन्ही मागच्या अंगणात मोकळ्या हवेत ठेवायची. पण या खेपेला नुसता शेवटचा रंग बघायचा नाही. पहिल्या दिवसापासून रोज शेवाळ मोजायचं. मधे काय झालं, ते आठवड्यानंतरच्या रंगावरून कळत नाही. सासूनं हे मान्य केलं. प्रश्न उरला मोजायचं कुणी. सून मोजणार तर सासूचा भरवसा नाही, आणि सासूनं मोजलं तर सून ते कागदावर घेणार नाही. दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं.

"बाबांचं स्वतःवरही मत नसतं," सून म्हणाली, "ते कुणाची बाजू काय घेणार."

माझ्याबद्दल इतका विश्वास कुणी कधी दाखवला नव्हता. मी बघू म्हणालो, आणि ते होकारात धरलं गेलं.

माझ्या वाचायच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आला. कुठल्या घंगाळात तेल आहे ते मला कळू नये अशी सुनेची इच्छा होती, पण ते गुपित माझ्या नाकापुढं टिकलं नाही. रोज सकाळी दोन्ही घंगाळांतून थेंब घ्यायचा, बारीक चौकटी आखलेल्या काचेवर ठेवायचा, आणि चौकटीच्या आतले हिरवे जीव मोजायचे. पहिल्याच दिवशी मी अडलो. एक बरोबर रेषेवर बसला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. तो धरायचा की सोडायचा? मी चष्मा पुसला. आणखी एक रेषेवर होता. अर्ध्या तासानं मी सुनेला हाक मारली.

तिनं सांगितलं की याचा नियम ठरलेला आहे. वरच्या आणि डाव्या रेषेवरचे आत धरायचे, खालच्या आणि उजव्या रेषेवरचे सोडून द्यायचे. मी तिला पुन्हा सांगायला लावलं. इतका सुंदर नियम मी ऐकला नव्हता. रेषेवर बसलेल्याचं काय करायचं, हे कुणीतरी एकदाचं ठरवून टाकलं होतं. ग्रंथालयात असा नियम असता, तर ते व्हायोलिनचं पुस्तक आज कुणाच्यातरी हातात असतं.

मोजलेले आकडे आठवडा संपेपर्यंत कुणाला सांगायचे नाहीत, असं ठरलं होतं. बायको चहा द्यायच्या निमित्तानं येई, टेबलापाशी रेंगाळे, आज डोळे कसे आहेत असं विचारी आणि माझ्या तोंडाकडे बघे. मी माझ्या मते चेहरा कोरा ठेवत होतो.

ते सोपं नव्हतं. तळ्यातलं शेवाळ बरंच चार-चारच्या ओळीनं राहतं. चौघं एकमेकांना खेटून, कडेच्या दोघांना बारीक शिंगं. फोटो काढायला कुटुंब बसावं तसे दिसतात. तेलाच्या घंगाळात दुसऱ्याच दिवशी त्यांची संख्या निम्म्यावर आली. तिसऱ्या दिवशी चौकटींमागून चौकटी रिकाम्या. जे उरले त्यांच्यात तिघं फिके आणि चौथा तेवढा हिरवा, तरी जागा न सोडता चिकटून बसलेला. मी ती काच पुन्हा मोजली, मग आणखी एकदा. आकडा तेवढाच आला. त्यानंतर मात्र गंमत झाली. तेल उडून गेलं असावं. एकेका चौकटीत हिरवे ठिपके परत आले, आठवड्याच्या शेवटी तर दोन्ही घंगाळं जवळपास बरोबरीला आली. मधल्या दिवसांत घरातला वासही कमी झाल्यासारखा वाटत होता. मला वाटलं, मला सर्दी होतेय.

शेवटच्या संध्याकाळी तिघं टेबलाशी बसलो. मी आकडे वाचून दाखवले. वाचताना आवाज इतका बारीक झाला की सुनेनं दोनदा थांबवलं.

"बघा, अंदाजाप्रमाणे पडलं," सून म्हणाली.

"आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे उठलं," बायको म्हणाली.

दोघीही खरं बोलत होत्या. संगणकानं शेवाळ पडणार सांगितलं होतं, ते पडलं. हिनं तळं उघडं असतं म्हणून सांगितलं होतं, तेल उडालं आणि शेवाळ सावरलं. मला हायसं वाटलं. मी उठून पुस्तक घ्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात बायकोनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"अहो, मोजलंत तुम्ही. तुम्हीच सांगा. तळ्यात घालायचं की नाही?"

माझ्याजवळ वाक्यं तयार होती. तसं पाहिलं तर. एका अर्थानं. दोन्ही बाजूंचा विचार करता. मी त्यातलं एक उचललं आणि तोंडात आणलं. मग मला समितीचं ठरलेलं आठवलं. दर आठवड्याला. म्हणजे ते चौघं कसेबसे सावरून, रंग धरून ओळीत बसले की बरोबर त्याच दिवशी माळी वरून पुन्हा बाटली उपडी करणार. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. तळ्याकाठी तिच्या तेलाची पाटी. वर आमच्या हिचं समाधान, खाली ते. बायको माझ्याकडे बघत होती. पाटीचं तिच्या मनात किती आहे, हे मला माहीत होतं. औषधांच्या दुकानात इतकी वर्षं उभं राहून तिचं नाव कुठल्याही बाटलीवर लागलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो.

बोलून झाल्यावर मला वाटलं, पुढं काहीतरी जोडावं. पण काही सुचलं नाही.

सून माझ्याकडे बघत होती, मी विणकामाच्या सुयांकडे. बायकोनं "बरं" म्हटलं, मागच्या अंगणात जाऊन तेलाचं घंगाळ उचललं आणि कुंडीत ओतू लागली. मग थांबून तिनं मागोमाग आलेल्या सुनेला विचारलं की मातीला चालेल ना? सून म्हणाली, मातीचा अंदाज तिच्याकडे नाही. बायको म्हणाली, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बागेत गेली. मी म्हणजे पुरावा. माळ्याला तिनं सांगितलं की तेल तळ्यात घालायचं नाही, एक थेंबही नाही. बुचाच्या छोट्या बाटल्यांतून वात बाहेर काढायची आणि बाकांच्या पाठीला टांगायच्या. संध्याकाळी बसणाऱ्यांना पुरेसं आहे. माळ्याला जरा वाईट वाटलं. तो म्हणाला, "काकू, पाटी तर तळ्यासाठी रंगवायला टाकलीय." ती म्हणाली, तळ्याकाठीच लाव, फक्त मजकूर बदल. आणि तिथंच उभं राहून तिनं नवा मजकूर सांगितला. वर तेलाचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत, हे तेल पाण्यात टाकू नये, शेवाळाला बाधतं.

पाटी लागली. आता अडचण अशी आहे की बाकांवर बसलेल्या माणसांच्या समोरच मोठ्या अक्षरांत 'चालते व्हा' लिहिलेलं दिसतं. पहिल्या दिवशी दोन म्हातारे खरोखर उठून गेले, आणि एकानं समितीकडे तक्रार केली. माळ्यानं मग खडूनं खाली लिहिलं, डासांनी. पावसानं ते पुसलं की तो पुन्हा लिहितो.

परवा बागेतून परतताना सुनेनं कबूल केलं की आकडे वाचले त्या संध्याकाळी तिनं मनाशी अंदाज बांधला होता. बाबा "बघू" म्हणणार. तिचा अंदाज इतका सपशेल कधी चुकला नव्हता.

"माझा नाही चुकला," बायको म्हणाली. "तिसऱ्या दिवशीच कळलं होतं मला. मोजताना हे चष्मा पुसायचे थांबले. तेव्हाच मी भट्टी बंद केली."

म्हणजे माझी सर्दी सर्दी नव्हती. घरातला वास खरोखरच कमी झाला होता, आणि मी सगळ्या चौकटी मोजत बसलो असताना एवढी साधी गोष्ट माझ्या नाकासमोरून गेली. मी तिला विचारलं, एवढं माहीत होतं तर मग मला सगळ्यांसमोर विचारलंस कशाला.

"ऐकायचं होतं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदा."

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातून विचारलं की चहा हवा का. मी तोंड उघडलं. माजघरात सून कान देऊन उभी होती, हे मला तिच्या सावलीवरून दिसत होतं. मी बराच वेळ विचार केला, आणि आत पातेल्याचा आवाज आला.